पत्ता कळवणारा

वीज दिवसातून चारदा जायची, त्या काळातली गोष्ट. एका घराच्या माळ्यावर म्हातारा संगणक राहायचा. घरचे सगळे फोटो त्याच्या पोटात. परगावी नांदणारी लेक हेमांगी तिथून त्याचं नाव टाकून ते बघायची.

पण वीज जाऊन आली की घराला इंटरनेटवर नवा नंबर मिळायचा आणि कुठलं नाव कुठल्या नंबरावर राहतं हे लिहून ठेवलेल्या लांबच्या वहीत मात्र जुनाच राहायचा. आमच्या ओळखीच्या एका कापडवाल्याने दुकान हलवलं, पाटी जुन्या गल्लीतच ठेवली. गिऱ्हाईक बंद दार बघून परत. तसंच हे, हेमांगीला फोटो दिसेनात. शेवटी हेमांगीचे वडील म्हणाले, "मेला वाटतं तो. रविवारी भंगारात देऊ."

संगणक घाबरला. घराच्या इंटरनेटच्या दारावर बसलेल्या राऊटरला म्हणाला, "राऊटरबाई, नवा नंबर वहीत कळवा ना."

"मी दार सांभाळते, आजोबा. निरोप्याची कामं मला सांगू नका."

तेव्हा संगणकातलाच एक पाच ओळींचा प्रोग्रॅम म्हणाला, "मी बघतो. दर पाच मिनिटांनी नंबर तपासेन. बदलला तरच वहीवाल्याला कळवेन, उगाच त्याचं डोकं खाणार नाही."

"केवढासा तुझा जीव," राऊटरबाई हसली.

शनिवारी वीज गेली, आली. नंबर बदलला आणि पाच मिनिटांत वहीतही बदलला. संध्याकाळी हेमांगीचा फोन आला, "बाबा, आईचे फोटो दिसले. त्याला कुठे देऊ नका."

संगणकाने प्रोग्रॅमचे आभार मानले. दुसऱ्या दिवशी पुन्हा मानले.

"अहो, आज वीज गेलीच नाही, नंबर बदललाच नाही. मी नुसता बघून आलो."

"त्याचेच मानतोय, गड्या," म्हातारा म्हणाला.