भागवतची चिंगूस चाकं

आंबेदरे नावाच्या गावात नेमकं मोजून देणं कमीपणाचं मानत. काटा बरोबर झाला तरी भाजीवाली वरून मूठभर मिरच्या टाकायची. माप भरलं तरी दूधवाला आणखी एक धार ओतायचा. शिंपी मुलांचे कपडे बेतताना दोन बोटं कापड जास्त सोडायचा, का, तर ते पुढच्या वर्षीही अंगाला आले पाहिजेत. गाव मोठं गोड होतं, यात शंका नाही. फक्त तिथल्या पोरांना पट्टीवरच्या बारीक रेघा कशासाठी असतात हे कुणी सांगितलं नव्हतं.

तिथल्या शाळेत कालिंदीबाई नावाच्या नव्या शिक्षिका आल्या. त्यांनी सातवीचा शनिवारचा शुद्धलेखनाचा तास मागून घेतला आणि मुलांना सांगितलं, की आपण गावातली वडापची, म्हणजे माणसं भरून भाड्याने नेणारी, जीप वर्गात बनवायची. अगदी तशीच, पण छोटी. खरी जीप जिथे एक फूट, तिथे आपली एक इंच. हे ऐकून पोरं बाकांवर नाचायचीच काय ती बाकी राहिली.

हेडमास्तर भस्मे गुरुजींना हे पटलं नव्हतं. खेळण्यातल्या गाड्या करून कुणी शहाणं झाल्याचं त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. त्यांनी महिन्याची मुदत दिली. शेवटच्या शनिवारी त्यांच्या टेबलाला टेकवलेल्या फळीवरून गाडी खाली धावली पाहिजे, आणि पोरं त्यातून काही शिकली असं त्यांना दिसलं पाहिजे. नाहीतर शुद्धलेखनाच्या वह्या परत बाहेर निघणार होत्या.

मग सगळा वर्ग टेप घेऊन बाजारात गेला. जीपवाल्याने हसत हसत मोजू दिलं. पोरांनी बॉनेट मोजलं, हूड मोजलं, चाकं मोजली, आणि आत बसलेल्या एका आजोबांचे गुडघेही मोजले. मापं फळ्यावर लिहिली गेली आणि कामं वाटली गेली. बॉनेट आणि बाजू पुठ्ठ्यातून करायच्या होत्या. ते दूधवाल्याच्या पैगंबरने घेतलं. हूड आणि सीटा शिंप्याच्या मंजिरीने घेतल्या. खालचा सांगाडा आणि चाकं भागवतकडे आली. भागवत फार बोलायचा नाही. जुनी रबरी चप्पल कापून त्याने चार चाकं केली आणि सायकलच्या तारांवर बसवली. खरं चाक अडीच फुटांचं, म्हणून त्याचं अडीच इंचांचं. त्याला एक रेघ इकडे नाही की तिकडे नाही.

मंजिरीने जुन्या छत्रीच्या कापडाचं हूड शिवलं. बारीक टाके घालायला तिला आठ दिवस लागले. ते इतकं देखणं झालं होतं, की बाजूच्या वर्गातली पोरं खिडकीतून बघून जायची. तिला त्याचा अभिमान वाटायचा, आणि का वाटू नये?

शेवटच्या शुक्रवारी सगळे भाग एकावर एक ठेवले आणि घोटाळा झाला. वरची गाडी केवढी तरी मोठी आणि खालची चाकं तिच्या पोटात. हूड मागे लोंबायला लागलं. फळीवर ठेवल्यावर गाडी जागची हलेना.

वर्गाने क्षणात निकाल देऊन टाकला. चूक चाकांची. पैगंबर म्हणाला, "चिंगूसपणा केलायस गड्या. जरा सढळ हातानं करायची की. उद्यापर्यंत मोठी करून आण."

सगळ्यांनी माना डोलावल्या. एकट्याचं काम बदलणं सोपं होतं, बाकीच्यांना घरी जाता आलं असतं.  भागवतकडे दुसरी जुनी चप्पल नव्हती. त्याने वाकून पायातलीच चप्पल काढली आणि कात्री मागितली.

 कालिंदीबाईंनी फक्त टेबलावर पट्टी ठेवली.

मंजिरीला त्याच्या अनवाणी पायाकडे बघवेना. तिने पट्टी उचलली आणि चाकाला लावली. अडीच इंच. मग तिने, मनातून नको नको वाटत असताना, आपल्या हुडाला पट्टी लावली. फळ्यावर सहा इंच लिहिलं होतं. हूड साडेसहा भरलं. कापड बेतताना तिने घरच्या सवयीने थोडं जास्त सोडलं होतं, आणि तिच्या ते लक्षातही आलं नव्हतं. आता लक्षात आलं ते तिच्या एकटीच्या. गप्प बसली असती तर हूड वाचलं असतं.

"चाकं बरोबर आहेत," ती म्हणाली. "माझं हूड चुकलंय."

तिने कात्री घेतली आणि आठ दिवसांचे टाके कापले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण हात थांबला नाही. भागवतने चप्पल परत पायात घातली.  मग पैगंबरने पट्टी मागून घेतली, बॉनेट मोजलं आणि कान खाजवत म्हणाला, की आपलं तर पाऊण इंच जास्त आहे. त्या संध्याकाळी वर्गात कापलेल्या पुठ्ठ्याचा ढीग पडला आणि पोरं हसत, एकमेकांची जास्तीची मापं मोठ्याने सांगत बसली.

शनिवारी गाडी फळीवरून सरसर धावली आणि भिंतीला जाऊन टेकली. पोरांनी टाळ्या पिटल्या. भस्मे गुरुजींनी मात्र ती उचलून चष्म्याजवळ नेली. हुडाची नवी शिवण वेडीवाकडी होती आणि बॉनेटच्या कडेला कापल्याच्या खुणा होत्या. हे असं का, त्यांनी विचारलं.

टाळ्या थांबल्या. खरं सांगावं तर तास जाईल, असं प्रत्येकाला वाटलं. मंजिरी उभी राहिली.

"गुरुजी, माझं हूड अर्धा इंच जास्त होतं. खऱ्या जिपेवर ते सहा इंच जास्त झालं असतं. आमच्या सगळ्यांचंच चुकलं होतं, पण आम्ही भागवतला बोललो. त्याचं एकट्याचं बरोबर होतं."

 गुरुजींनी गाडी भागवतच्या हातात दिली.

"इतकी वर्षं मी पोरांच्या चुका लाल शाईने दाखवतोय," ते म्हणाले. "स्वतःची चूक मोजून आणणारं पोर आज पहिल्यांदा पाहिलं. बाई, शनिवारचा तास तुमचा."

तात्पर्य: एखादा आपल्यात बसत नाही म्हणून त्याला चुकीचा ठरवू नये, माप आधी आपल्याच कामाला लावावं.