एका बाकाचे चुकलेले पाय

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ती ज्या गावात घडली त्या गावाचं नावही आता कुणाला धड आठवत नाही. गावात दोन आळ्या होत्या, वरची आणि खालची. वरच्या आळीचे वडीलधारे सुभानबा, खालच्या आळीचे मल्हारबा. दोघे एकाच दिवशी जन्मलेले. आता थोरला कोण? दोघांचं म्हणणं, मीच. आणि धाकट्याने आधी राम राम घालायचा ही तर गावाची रीत. मग काय, समोरचा आधी राम राम घालील म्हणून दोघेही वाट बघत राहिले. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, तब्बल अकरा वर्षं!

म्हातारे बोलेनात म्हणून आळ्याही बोलेनाशा झाल्या. कुणाच्या शेजारी बसायची वेळ येऊ नये म्हणून जो तो घरातून आपला चौरंग काखेत मारून निघायचा. देवळात जा, पारावर जा, चौरंग टेकायचा आणि दुसऱ्या आळीकडे पाठ करून बसायचं. हसू नका. शहाणीसुरती माणसं होती ती, पण एकदा मान मधे आला की शहाणपण कुठे जातं ते तुम्हीही पाहिलं असेल.

गावचा सुतार हैबती. जन्मभर त्याने चौरंगच केले. दुसरं काही कुणी मागायचंच नाही. त्याची एकुलती एक लेक सगुणा, तिचं लग्न ठरलं आणि हैबतीची झोप उडाली. कारण दोन्ही आळ्यांच्या वडीलधाऱ्यांनी एकदम उभं राहून अक्षता टाकल्या, तरच लग्न लागलं असं त्या मुलखात मानत. म्हातारे एका मांडवात यायला तयार नाहीत, या एकाच कारणाने सगुणाची दोन लग्नं आधी मोडली होती. हे तिसरं. मुलगा तिला मनापासून आवडला होता आणि व्याह्यांनी साफ सांगितलं होतं, अक्षता नीट पडल्या नाहीत तर आम्ही वऱ्हाड घेऊन माघारी जाणार.

हैबती दोघांच्या पाया पडला. दोघांनीही एकच अट घातली, माझं आसन त्याच्यापेक्षा बोटभरही खाली नको. हैबतीने दोन चौरंग केले. एक जरासा उंच झाला म्हणून तो तासला. मग दुसरा उंच वाटला म्हणून तो तासला. असं तासता तासता दोन्ही चौरंगांचे पाट झाले. शेवटी त्याची बायको ठकू वैतागली आणि म्हणाली, "अहो, फळीच एक घ्या की. उंची आपोआप सारखी होईल."

हैबतीला पटलं. त्याने सहा हात लांब फळी घेतली आणि सवयीने चारही पाय चौरंगाच्या मापाने ठोकले, अगदी मधोमध, एकमेकांपासून हातभर अंतरावर. बिचाऱ्याने दोन माणसांचं आसन कधी केलंच नव्हतं. मधे बसून बघितलं, हललं नाही, झालं समाधान.

लग्नाचा दिवस उजाडला. दोघे म्हातारे मांडवात आले. आधी बसेल तो धाकटा ठरायचा, म्हणून डोळ्यांच्या कोपऱ्यातून एकमेकांकडे बघत दोघेही अगदी एकाच क्षणी बसले. एक या टोकाला, एक त्या टोकाला, तोंडं दोन दिशांना. बाक हललाही नाही.

अंतरपाट धरला. मंगलाष्टकं सुरू झाली. भटजींनी खूण केली तसे सुभानबा जरासे उठले आणि मल्हारबांचं टोक खाली गेलं. मल्हारबांनी फळी दोन्ही हातांनी पकडली. सुभानबा घाईने परत बसले. मग मल्हारबांनी उठून पाहिलं, तर सुभानबांचं पागोटं थेट व्याह्यांच्या मांडीत. सगळ्या वऱ्हाडासमोर आपटायचं कुणी? आणि "उठतो" असं आधी सांगायचं तरी कुणी? दोघे फळी घट्ट धरून बसून राहिले.

आठ अष्टकं संपली. भटजींनी नववं रचलं, दहाव्यात जेवणाचे पदार्थ घातले, अकराव्यात आपल्या म्हशीलाही शुभमंगल म्हणून घेतलं. व्याही उठून पायताण शोधू लागले. हैबती खांबाला धरून रडायच्या बेताला आला.

तेवढ्यात अंतरपाटामागून सगुणा बोलली. नवरीने त्या वेळी बोलायचं नसतं, हे तिला काय माहीत नव्हतं? पण तिचा जीव टांगणीला लागला होता.

"आजोबा, दोघंबी मधे सरा की."

दोघांचे चेहरे उतरले. पोरीचा आवाज रडवेला होता. सुभानबा चार बोटं सरकले. मल्हारबा चार बोटं सरकले. मग वीतभर, मग हातभर, बाक सांभाळत सांभाळत खांद्याला खांदा लागला.

"जरा तिकडं सर," मल्हारबा पुटपुटले.

"सरलो तर तू पडशील."

"मग?"

"मग काय? हात दे. एकदम उठू."

अकरा वर्षांत पहिल्यांदा दोघे बोलले होते. हातात हात घालून उठले, अक्षता टाकल्या, वाजंत्री वाजली. सुभानबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. अक्षतांची हळद डोळ्यांत गेली असं त्यांनी सांगितलं आणि कुणीही त्यांच्याशी वाद घातला नाही.

जेवणं आटोपल्यावर दोघे पुन्हा बाकावर बसले ते दिवस मावळेपर्यंत. हा उठला तर तो पडेल, अशी दोघांची सबब. हैबती ओशाळून करवत घेऊन आला, पाय टोकांना लावतो म्हणाला. दोघांनी त्याला हाकलून दिलं. पुढे महिन्याभरात विहिरीवर, पारावर, देवळासमोर तसेच बाक आले आणि पाय मधोमधच हवेत असं दोन्ही आळ्यांनी बजावून सांगितलं. चौरंग माळ्यावर गेले. थोरला कोण हे भांडण काही मिटलं नाही म्हणा, पण आता ते शेजारी बसून व्हायचं. बाकावरून निघायचं तर शेजारच्याला "उठतो हं" म्हणावं लागे, तो "थांबा की जरा" म्हणे, आणि त्या थांबण्यात बायाबापड्यांची सुखदुःखं बोलून व्हायची.

तात्पर्य: शेजाऱ्याला सांगितल्याशिवाय उठता येत नाही अशी जागा करा, म्हणजे माणसं आपोआप बोलू लागतात.