आखडलेली दोरी

एकदा एका बंदरात एक बाई दारोदार ओरडत फिरत होती, "माझं कुणी खरंच मानत नाही! माझ्या लेकाला त्या तांडेलानं मारलं. गाठच चुकीची बांधून दिली!" लोक ऐकून घेत आणि दार लोटून घेत. ज्या वृद्ध तांडेलाने जन्मभर गलबते सुखरूप आणली, त्याच्यावरचा आळ कोण मानणार?

तिचा लेक त्याच तांडेलाचा शिष्य. विद्या पुरी झाली की गुरू शिष्याला तळहाताएवढी फळी देई. फळीच्या मधोमध दोरी, दोरीवर एकच गाठ, घरच्या बंदराची. गाठ दातांत धरून दोरी ताणायची. फळीची खालची कड क्षितिजाला आणि वरची ध्रुवताऱ्याला टेकली, की घराचा अक्षांश लागला. मग सरळ पूर्वेला हाकायचे. शिष्याने तसेच केले. पण गलबत घराच्या उत्तरेला, खडकांवर गेले. खलाशी वाचले, फळी घेऊन आले. तो आला नाही.

शेवटी ती फळी घेऊन बाई तांडेलाच्या ओटीवर चढली.

"ही घ्या तुमची विद्या! आता गावासमोर कबूल करा."

तांडेलाने दोरी बोटांतून सरकवली. "बाय, मी एक गाठ दिली होती. मधल्या या पाच कुणाच्या?"

"माझ्या. मग? तुमच्या गाठीला हातसुद्धा लावला नाही मी. आई आहे त्याची! दर खेपेला त्याला एक शपथ घालायची नि एक गाठ मारायची, म्हणजे तो विसरायला नको."

म्हाताऱ्याने नखाने पहिली गाठ सोडायला घेतली.

"अहो, सोडताय काय! वेड लागलं का?"

"हिची शपथ कोणती?"

"दुसऱ्याच्या गलबतावर चाकरी धरायची नाही."

"हिची?"

"परक्या बंदरात सण करायचा नाही."

"आणि ही?"

"त्या दक्षिणेकडच्या पोरीचं नाव काढायचं नाही." चौथी-पाचवी सांगताना तिचा आवाज उतरला.

तांडेलाने आपली जुनी फळी आणून शेजारी ठेवली. दोन्ही दोऱ्या ताणल्या. घरच्या गाठी आता नेमक्या समोरासमोर आल्या.

"प्रत्येक गाठ थोडी दोरी खाते, बाय. दोरी आखडली, की फळी डोळ्याजवळ येते नि ध्रुव आणखी वर चढल्यावरच कडेला टेकतो; तसं घर उत्तरेला सरकलं. अक्षांश एवढंच सांगतो, की घर कोणत्या रेषेवर आहे. त्या रेषेवरून माणसानं किती लांब जावं, कुणाकडे राहावं, हे तो विचारत नाही. तेवढी मोकळीक असते, म्हणून तर माणूस परत येतो."

तिने सुटलेली दोरी हातात घेतली. मग म्हणाली, "दोरी आखडलेली त्याला कळली नसेल?"

"कळली असेल. माझा शिष्य होता तो. पण आईच्या शपथेची गाठ सोडायची कशी? अंदाजानं हाकलं असेल. अंदाज चुकला."

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा त्याच दारांवरून गेली. या वेळी ओरडली नाही. "माझ्या लेकाला कुणी मारलं ते कळलं," एवढेच म्हणाली.

"कुणी गं?" बायकांनी विचारले.

तिने स्वतःचेच नाव सांगितले.

"भागीरथीनं."