चमचम बुटांची वाट

टेकडीच्या पायथ्याशी, फुलांच्या मळ्याला लागून एक इवलंसं घर होतं. निळं दार, लाल कौलं आणि दारात भलामोठा पांगारा. त्या घरात अबोली राहायची. नाव अबोली, पण तोंडाला क्षणाची विश्रांती नाही! आई मळ्यात फुलं तोडायची, गजरे करून विकायची, त्यावर दोघींचं कसंबसं भागायचं. अबोलीच्या चपलेचा अंगठा तर इतक्यांदा शिवला होता, की चपलेपेक्षा दोराच जास्त दिसे.

पण त्या फाल्गुनात आईने एक गंमत केली. शेजारच्या सुलूमावशीच्या मोबाइलवरून तिने अबोलीसाठी बूट मागवले. साधे नाहीत हं! पाऊल टाकलं की टाचेत इटुकले दिवे लागतात, लाल, निळे, सोनेरी. मावशीने पत्ता विचारला, तेव्हा आईने नेहमीची खूण सांगितली, मळ्यापुढे, लाल झाडाखाली. घर सांगायचं ते झाडावरून, ही तिकडची रीतच. आणि पांगारा तेव्हा होताच तसा, पान एक नाही, नुसता लालेलाल.

झालं, अबोलीचे डोळे वाटेला लागले. जेवताना एक कान रस्त्याकडे. झोपताना मिटल्या पापण्यांआड दिवे लुकलुकायचे. वाट बघण्यात केवढी मजा असते, ते तुम्हाला मी काय सांगू!

पण बूट यायच्या आधीच फुलं गळली आणि पांगारा पोपटी पानांनी भरून गेला. पार्सलवाल्या दादाने लाल झाड शोधत दोनदा टेकडी पालथी घातली. सुलूमावशी गेलेली माहेरी. तिला काय ठाऊक फुलं गळल्याचं? ती आपली फोनवर त्याला ठासून सांगायची, अहो लाल झाड, लांबूनसुद्धा दिसेल! शेवटी तिने एसटीवाल्याबरोबर निरोप धाडला. आज पार्सलवाला दादा शेवटचं येणार, घर सापडलं नाही तर बूट परत.

मग अबोलीने ठरवलं, आपणच रस्त्यावर जाऊन उभं राहायचं. मळ्यातून धावत निघाली, तोच झेंडूच्या वाफ्यातून बारीकसा हुंदका आला. कुणीतरी फेकलेला पुठ्ठ्याचा खोका होता आणि त्याच्या चिकटपट्टीला अंगठ्याएवढी परी चिकटली होती. अंगात जास्वंदी झगा, केसांत दवाचे मणी, पंख कांद्याच्या पापुद्र्यासारखे पातळ.

"हलू नकोस हं," अबोली म्हणाली. "मी हळूच सोडवते."

फुंकर घालत, नखाने जरा जरा सोलत तिने पंख सोडवायला घेतला. अर्धा सुटला, इतक्यात रस्त्यावर मोटारसायकल फटफटली. दादा! पळावं, तर पंख टरकन फाटणार. थांबावं, तर बूट गेले. तिचे डोळे डबडबले, पण पाय जागचे हलले नाहीत. पंख पुरता सुटेपर्यंत आवाज टेकडीमागे विरून गेला होता.

परीने पंख झटकले, तशी सोनेरी धूळ उडाली. "माग एक इच्छा," ती म्हणाली. "पण नियम दोन आहेत. दुसऱ्याच्या हातातली वस्तू मला ओढून आणता येत नाही. आणि इच्छा स्वतःसाठी मागायची नाही."

अबोलीला रडूच फुटलं. बूट अगदी दाराशी येऊन गेले की हो! मग तिने नाक पुसलं आणि तिला तो दादा आठवला. भर उन्हात तिसऱ्यांदा हिंडतोय बिचारा. घोटभर पाणी तरी मिळालं असेल का त्याला?

"त्या दादाला आज सगळी घरं सापडू देत," ती म्हणाली. "म्हणजे तोही लवकर आपल्या घरी जाईल."

परी खुदकन हसली. "वेडे, सगळी म्हणजे तुझंही त्यातच आलं!" तिने गिरकी घेतली, लख्ख केशरी उजेड पडला आणि त्या उजेडातच ती विरघळून गेली.

अबोली घराकडे वळली, तर काय! पोपटी पानांमधून पांगाऱ्याची फांदी न् फांदी फुलली होती, टेकडीपलीकडूनही दिसेल अशी लालचुटुक. मोटारसायकलचा आवाज वळला, जवळ जवळ आला आणि निळ्या दारापुढे थांबला.

दादा घामाने निथळत होता. मघाशी इथूनच गेलो, तेव्हा हे झाड हिरवं होतं, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. आईने त्याला गुळाचा खडा आणि माठातलं गार पाणी दिलं. बाकीची पार्सलंही त्याची उन्हं उतरायच्या आत पोचली म्हणे.

अबोलीने खोका उघडला. पण बूट पायांत घालायच्या आधी तिने खोक्याची चिकटपट्टी सोलून काढली आणि चिकट बाजू आत घालून तिची घट्ट गुंडाळी केली. पुन्हा कुणाचा पंख अडकायला नको. मग तिने पाय सरकवले, एक पाऊल टाकलं आणि टाचेत लाल, निळे, सोनेरी दिवे लुकलुकले.

"मापाचे आहेत ना गं?" आईने विचारलं.

कधी गप्प न बसणारी अबोली नुसती मान हलवून हसली. जसं अबोलीचं तिच्या दारी आलं, तसं तुमचंही तुमच्या दारी येवो.