घाईची ड्राइव्ह

लग्नं खिशात मावू लागली, त्या काळातली ही गोष्ट. फोटोग्राफर कुंदाताईंकडे फोटो साठवणाऱ्या दोन एसएसडी ड्राइव्ह नोकरी मागायला आल्या. एक चकचकीत आणि बडबडी, दुसरी करडी आणि गप्प. कॅमेऱ्याचं कार्ड पुढच्या मुहूर्तासाठी पुसायचं होतं, म्हणून ताईंनी दोघींनाही कालचं अख्खं लग्न उतरवून घ्यायला दिलं.

ताईंनी चहा ओतेपर्यंत चकचकीत ड्राइव्ह ओरडली, "झालं! पुसा कार्ड!"

करडीचं काम चहा संपता संपता झालं. चकचकीत फिदीफिदी हसली.

ताईंनी कार्डाला हात लावला नाही. "आता दोघी मला सप्तपदी दाखवा."

करडीने लगेच दाखवली. चकचकीतकडे नुसताच मांडव निघाला.

"अगं, नवरा-नवरी कुठे गेले?"

चकचकीत तोऱ्यात म्हणाली, "माझ्या खोक्यावर घ्यायचा वेग लिहिलाय, ताई. परत द्यायचं कुठे लिहिलंय?"