नऊ मिनिटं उघडं राहिलेलं पेन

“पण बाई, तुमच्यानंतर मुली ऐकणार कुणाचं?”

हर्षदानं हे तिसऱ्यांदा विचारलं. बाई मैदानाच्या कट्ट्यावर बसून शेंगा सोलत होत्या.

“कान आहेत त्यांना,” बाई म्हणाल्या.

“बाई, मी चेष्टा करत नाही.”

“मी पण नाही. खा शेंगा.”

हर्षदानं शेंगा घेतल्या नाहीत. हातात कागद होता, तो तिनं पुढं केला.

बाई म्हणजे शिंगटेबाई. एकतीस वर्षं आमच्या कॉलेजच्या मुलींना त्यांनी खो-खो शिकवला. त्यांच्या नोकरीचा तो शेवटचा दिवस. मी ह्याच मैदानावर झाडलोट करते, फक्कीनं रेघा मारते. त्या दिवशी बादली घेऊन तिथंच उभी होते, म्हणून सांगते. ऐकीव नाही.

सकाळी सत्कार झाला होता. त्याचं तर नाव काढू नका. जो उठेल तो माइकवर एकच बोलणार, “आज बाईंनी खो दिला, आता त्या बसणार.” प्रिन्सिपॉल तेच बोलले. सेक्रेटरी तेच बोलले. केमिस्ट्रीच्या सरांनी तर दोनदा सांगितलं. आणि प्रत्येकाची एक शाल. सातव्या शालीला बाई म्हणाल्या, “अहो, मला थंडी वाजत नाही.” लोक हसले. बाई हसल्या नाहीत.

हर्षदा मुळीक नऊ वर्षांपूर्वी ह्याच मैदानावर कॅप्टन होती. चांगली होती, खोटं कशाला बोलू. आता पतियाळाला जाऊन कोचिंगचा डिप्लोमा घेऊन आली होती. बाईंच्या जागेवर तिची नेमणूक झालेली. पण अजून हजर झाली नव्हती. अट घालून बसली होती.

अट त्या कागदात होती. बाईंनी आणखी एक वर्ष मार्गदर्शक म्हणून रोज मैदानावर यायचं. प्रिन्सिपॉलांची सही झाली होती. बाईंची राहिली होती.

“तुम्ही सही केली तर मी हजर होते. नाही केली तर पुण्याला नोकरी आहेच, परत जाते.”

“आणि दहा दिवसांवर स्पर्धा आहे ती?”

“तेच म्हणते ना मी! ऑफिस पाचला बंद होतं. प्रशिक्षकाचं नाव आज गेलं नाही तर प्रिन्सिपॉल मुलींची नोंद रद्द करणार. ते स्पष्ट बोललेत.”

हे खरं होतं. एवढंच नाही. संघ एकदा बंद पडला की ह्या जागेवर गाड्या लावायच्या, असंही त्यांचं ठरलं होतं. आखणारा माणूस टेप घेऊन येऊन गेला होता. मी त्याला झाडूच दाखवला होता.

साडेचार होत आले होते. समोर मुली पाय मोकळे करत होत्या. कान मात्र सगळ्यांचे इकडं.

बाईंनी कागद घेतला. मांडीवर ठेवला. उडू नये म्हणून त्यावर शेंगांची पुडी ठेवली.

“एवढी का घाबरतेस गं?”

“घाबरत नाही. व्यवस्थित सोपवून द्या, एवढंच म्हणते. एकतीस वर्षांत जे आहे ते द्या मला. माझ्या हातात द्या. मुलींच्या समोर द्या. म्हणजे त्यांना कळेल.”

“काय देऊ? शिट्टी देऊ?”

“बाई…”

“शाल देऊ? सात आहेत.”

हर्षदाच्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचं होतं ते. बाईंना पण दिसलं. त्यांनी हात झटकले, टरफलं पाडली. पर्समधून पेन काढलं. टोपण काढून कट्ट्यावर ठेवलं.

“हे बघ. पेन उघडलं. सही करते.”

“खरंच?”

“खोटं कधी बोलले तुझ्याशी? पण आधी एक डाव बस. पाठलाग करणाऱ्यांत बस. नऊ मिनिटं. नऊ मिनिटांनी उठून ये, कागद माग, सही करते.”

“आत्ता? बाई, मी एकोणतीस वर्षांची आहे.”

“मी साठ वर्षांची आहे. मी बसू का?”

हर्षदा उठली. कागदासाठी उठली, खेळासाठी नाही. ते तिच्या चालण्यावरूनच कळत होतं.

“बूट काढ,” बाई म्हणाल्या.

“हे खो-खोचेच बूट आहेत, बाई.”

“काढ.”

आमच्या मैदानावर चप्पल-बूट चालत नाहीत. वीस वर्षांत बाईंची स्वतःची चप्पल कट्ट्याच्या पुढं गेलेली मी पाहिली नाही. प्रिन्सिपॉलांचे बूटसुद्धा एकदा काढायला लावले होते. हर्षदाला हे माहीत होतं. विसरली होती. बूट काढले आणि पहिल्याच पावलाला खडा टोचला. तोंड वाकडं झालं. मुली खुदकन हसल्या.

खेळ ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पाठलाग करणाऱ्या नऊ जणी. आठ जणी मैदानाच्या मधोमध, दोन टोकांच्या खांबांमध्ये रांगेत बसतात, एकीचं तोंड इकडं, दुसरीचं तिकडं. नववी पळणाऱ्या तिघींच्या मागं धावते. धावता धावता ती बसलेलीच्या पाठीला हात लावते, ओरडते “खो”. मग बसलेली उठून पळते आणि हात लावणारी तिच्या जागी बसते. बसलेलीला मागचं काही दिसत नाही. पाठीला हात लागेपर्यंत बसायचं, बस.

एका मुलीला उठवून हर्षदा पाचव्या चौकोनात बसली. कॅप्टन रुक्सानानं शिट्टी मारली आणि तीही रांगेत बसली.

खो… खो… खो…

पाठलाग करणारी हर्षदाच्या मागून गेली. तिला नाही दिला. पुढच्या चौकोनात दिला.

परत आली. परत तिला नाही.

तिसऱ्यांदा नाही. चौथ्यांदा नाही. एक मुलगी तर हर्षदाच्या पाठीपाशी थांबली, हात उचलला, आणि पुढच्या खांबाकडं निघून गेली.

मी बाईंकडं बघितलं. बाई शेंगा खात होत्या. पेन तसंच उघडं.

नऊ मिनिटं गेली. हर्षदा एकदाही उठली नाही. मातीत बसून बसून तिची ती भारीची काळी पँट लाल झाली होती. शिट्टी झाली तशी ती ताडकन उठली आणि तरातरा कट्ट्याकडं आली.

“हे तुम्ही शिकवून ठेवलंत त्यांना!”

“मी शेंगा खात होते.”

“मग मला एकीनंही खो का दिला नाही?”

“मला काय विचारतेस? मी पळत होते का?”

“बाई, सरळ उत्तर द्या ना कधीतरी! शिकत होते तेव्हाही असंच. काही विचारलं की मैदानाला पाच फेऱ्या मार. आताही तसंच. मी माणूस आहे, बाई!”

मला तर दोघींच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. एक सांगत नाही, दुसरी ऐकत नाही, आणि घड्याळ काही ह्यांच्यासाठी थांबणार नव्हतं.

“त्यांना विचार,” बाई म्हणाल्या.

हर्षदा वळली. मुली धापा टाकत उभ्या होत्या.

“सांगा. का नाही दिला?”

सगळ्यांत लहान होती पिंकी. अकरावीची, हाडं मोजावीत अशी. तीच बोलली.

“ताई, तुम्ही मागं बघत होता.”

“मग? खेळ कुठं चाललाय ते बघायला नको?”

“खेळ नव्हता बघत, ताई. बाईंकडं बघत होता.”

हर्षदा रुक्सानाकडं वळली.

रुक्साना पुढं आली. ती बाईंच्याच तालमीतली, शब्द मोजून बोलणारी.

“राग मानू नका, ताई. जी मागं बघते ती हात लागायच्या आधीच उठते. मग फाऊल होतो. फाऊल झाला की धावणारीला उलटं फिरावं लागतं. तोवर पळणारी निसटते. म्हणून अशीला आम्ही वगळतो.”

“मी एकदा तरी आधी उठले का?”

“नाही उठला. पण भरवसा नाही वाटला.”

“मी ह्या मैदानाची कॅप्टन होते!”

“माहीत आहे, ताई. जिमखान्याच्या बोर्डावर नाव आहे तुमचं. वरून चौथं.”

हर्षदा पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली. नऊ वर्षांपूर्वी कर्‍हाडला फायनल हरली तेव्हा अशीच उकरत होती. मला आठवलं.

बाईंनी पुडी उचलली. खालचा कागद गुडघ्यावर सरळ केला. पेन हातात घेतलं.

“नऊ मिनिटं झाली. माग. करते सही.”

हर्षदानं कागदाकडं बघितलं. मग पेनाकडं.

खरं सांगते, मला वाटलं आता मागणार. मागितला असता तर बाईंनी केली असती सही. त्यांचा हात तयार होता. मला वाटतं त्यांच्याही मनात कुठंतरी होतं, मागावा म्हणून. घरी जाऊन तरी काय करणार होत्या? एकटं घर, एक मांजर…

“अजून एक डाव,” हर्षदा म्हणाली.

“पेनाची शाई वाळेल.”

“वाळू दे.”

“पाच वाजतील.”

“बाई, तुम्ही शेंगा खा.”

आणि गेली. त्याच पाचव्या चौकोनात बसली. मान अशी ताठ, जशी सळई घातलीय आत.

शिट्टी.

खो… पुढं गेला. खो… मागं गेला. हर्षदाची मान हलली नाही. तिच्या पाठीमागून पिंकी आली. हर्षदाला ते दिसत नव्हतं, मला दिसत होतं. पिंकीनं हात उचलला. क्षणभर थांबली…

“खो!”

हर्षदा उठली ती धडपडतच. चुकीच्या अंगाला वळली, पळणारी दुसरीकडून सटकली. “अगं ताई!” म्हणून दोघी ओरडल्या. हर्षदानं पुढच्या खांबापर्यंत धाव घेतली, तिथून फिरली, रुक्सानाच्या पाठीला हात लावला. “खो!” आवाज फाटला तिचा. तिच्या जागी बसली. छाती भात्यासारखी वरखाली. मान सरळ.

दोन मिनिटांत परत खो आला. ह्या वेळी उठली ती व्यवस्थित उठली. पळणारी खांबाला वळसा घालत होती. हर्षदानं अंग झोकून दिलं. लांब केलेला हात पळणारीच्या टाचेला लागला. स्वतः कोपरावर घसरली.

बाद!

मुलींनी अशी किंकाळी फोडली की लायब्ररीतून माणसं खिडकीत आली.

हर्षदा उठली, कोपरातून रक्त. पहिलं काय केलं असेल? वळली आणि कट्ट्याकडं बघून ओरडली,

“बाई! बघितलंत?”

“ताई, उरलेल्या दोघी कोण धरणार!” मागून रुक्साना ओरडली. “पळा ना! गप्पा काय मारताय!”

“ताई, इकडं बघा, इकडं!” पिंकी.

हर्षदा फिरली. पळाली.

पाचची घंटा झाली.

मी बादली खाली ठेवली आणि तोंडाशी हात धरून हाक मारली. कुणीतरी मारायला पाहिजे होती. बाई तर मारणार नाहीत.

“अगं हर्षदा! पाच वाजले! तुझा कागद!”

ती धावत होती. वळून बघितलं नाही.

“राहू दे, मावशी! ऑफिसमध्ये तेवढं सांगा, थांबा म्हणावं! नाव माझं लिहायचं! डाव संपला की सही करायला येते!”

बाईंनी पेनाला टोपण लावलं. कागदाची चार घड्या घालून त्यात टरफलं भरली.

“आणि मावशी!” हर्षदा तिकडून परत ओरडली. “उद्या सहाला रेघा मारून तयार ठेवा! आजच्या वाकड्या आहेत!”

वाकड्या! वीस वर्षं मी ह्या मैदानावर रेघा मारतेय. आणि सहाला! बाई साडेसहाला यायच्या. साडेसहाच्या आत ह्या मैदानावर कुत्रं फिरकत नाही. अजून ऑफिसच्या वहीत नाव चढलं नाही आणि मला हुकूम सोडते.

मी तणतणत कट्ट्याकडं गेले.

“ऐकलंत का, बाई? सहाला म्हणते! रेघा वाकड्या म्हणते! तुम्ही सांगा ना तिला काहीतरी!”

बाई कट्ट्याखाली वाकून बघत होत्या. एका पायात चप्पल, दुसरा पाय मोकळा.

“शेवंता,” त्या म्हणाल्या, “माझी दुसरी चप्पल कुठं गेली गं?”