हरक्यूलिसचा हात

एकदा एक वृद्ध मूर्तिकार आपल्या शिष्यासह ग्रीस देशातल्या एका पडक्या देवळापाशी राहत होता. देऊळ भूकंपात कोसळलेले. मातीतून मूर्ती उकरायच्या आणि तुकड्याला तुकडा जुळवायचा, हे दोघांचे काम. तिथे हरक्यूलिसची मूर्ती निघाली. हरक्यूलिस म्हणजे आपल्या भीमासारखाच, तिकडचा गदाधारी वीर. पण उजवा हात खांद्यापासून गायब.

खर्च उचलणारा तेलाचा व्यापारी कुरकुरला, "थोटा वीर बघायला कोण येणार? जत्रेच्या आत हात बसवा, नाहीतर चालते व्हा."

शिष्याला धास्ती वाटली. काम गेले तर विद्याही अर्धवट राहणार. तहानभूक विसरून त्याने गदेसकट एक देखणा हात घडवला.

म्हाताऱ्याने तो उलटसुलट पाहिला, "झकास झालाय," म्हणाला, आणि दारातली दगड वाहायची गाडी उतारावरून घरंगळू नये म्हणून सरळ चाकाखाली सारला!

शिष्य तडकला. "बाबा, डोकं ठिकाणावर आहे ना? काय खोट आहे त्यात?"

"खोट असती तर बरं होतं, गाढवा. एवढा सुरेख हात बसला की खरा हात कोण शोधतोय? आणि गदा कुणी सांगितली तुला?"

"हरक्यूलिस म्हटल्यावर गदाच असणार."

"असणार! ही मूर्ती घडवणारा मेला, म्हणून त्याच्या तोंडी आपलं बोलणं कोंबायचं? ठाऊक नाही तिथं रिकामं ठेवावं. रिकामं डोळ्यांना खुपतं, म्हणून तर माणूस कुदळ उचलतो."

व्यापारी आला तेव्हा शिष्यच पुढे झाला. "शेठजी, खरा हात सापडेपर्यंत हा थोटाच राहील."

"मग माझ्याकडून दमडी मिळणार नाही!"

"नका देऊ. आम्ही खोदणार."

जत्रा झाली, थंडी सरली. कोरड्या भाकरीवर दोघे खोदत राहिले. अखेर एका कोसळलेल्या खांबाखाली तो हात सापडला. खांद्याच्या भंगाला भंग तंतोतंत बसला. मुठीत गदा नव्हती. दुसऱ्याच कुणाचा तरी दगडी पंजा होता, मनगटापाशी तुटलेला. पडलेल्या माणसाला हरक्यूलिस हात देऊन उठवत होता.

शिष्य बराच वेळ त्या बोटांकडे पाहत उभा राहिला. मग बाह्या वर सारत म्हणाला, "बाबा, तो माणूस अजून खालीच आहे."

"मग बघत काय उभा राहिलास?" म्हातारा खेकसला.

ठाऊक नसलेल्या जागी आपण कुठे कुठे गदा बसवून मोकळे झालो, ते ज्याचे त्याने उकरून बघावे.